टाच, तळवा, घोटा दुखतोय पण व्यायाम सोडायचा नाही: तुमचे अनुभव लिहा

वावरवाटा (धागा काढणारा)

भरतीची तयारी करणारी पोरं, पहाटे गावाबाहेर फिरायला जाणाऱ्या बाया, शाळेच्या मैदानावर खो-खो खेळणारी मुलं, सगळ्यांचा प्रश्न एकच: पाय दुखतो, बंद करू का? गावात याला दोनच उत्तरं मिळतात. एक म्हणजे ‘दाबून पळ, आपोआप मोकळा होते’ आणि दुसरं ‘तीन महिने पाय हलवू नको’. दोन्हींनी नुकसान होतं. जाणकारांनी लिहावं. एकच विनंती, आपली रामकहाणी नको. काय करायचं, किती वेळा, किती सेकंद आणि कुठे बिघडतं, तेवढंच लिहा.

पोटरी

फिजिओथेरपीच्या बाजूने लिहितो. आधी एका बोटाने दुखरी जागा दाखवा. पंजाने पाऊल धरून ‘इथं सगळीकडेच’ म्हटलं की काहीच कळत नाही.

टाचेच्या खाली, किंचित आतल्या बाजूला दुखतं, सकाळी उठल्यावरची पहिली पाच-दहा पावलं नकोशी होतात आणि मग मोकळं वाटतं: हा तळव्याचा पडदा, प्लांटर फॅशिया. टाचेच्या मागची जाड दोरी चिमटीत धरली की कळ येते: ती अकिलीस. घोट्याच्या आतल्या हाडामागून तळव्याकडे उतरणारी दुखरी रेघ, जोडीला पाऊल हळूहळू सपाट होत चाललेलं: ही कमान धरून ठेवणारी कंडरा, म्हणजे स्नायूला हाडाशी बांधणारी दोरी. चाळिशी-पन्नाशीच्या बायांमध्ये हे जास्त दिसतं, आणि ‘टाचदुखी’ म्हणून बऱ्याचदा चुकवलं जातं. तपासायला सोपं आहे. भिंतीला हात लावून एका पायाच्या चवड्यावर उभं राहून पाहा. टाच उचलतच नसेल, तर चालणं वाढवून उपयोग नाही. कमानीला आधार देणारी चप्पल आणि डॉक्टर, दोन्ही लवकर गाठा.

तळव्याच्या पडद्यासाठी सकाळी अंथरुणातच, पाय खाली टेकवण्याआधी: दुखरा पाय दुसऱ्या मांडीवर घ्या, बोटं नडगीकडे ओढा, तळव्यात ताणलेली तार हाताच्या अंगठ्याला लागली पाहिजे. 10 सेकंद धरायचं, 10 वेळा. असं दिवसातून तीनदा. बरेच जण हे चहा झाल्यावर करतात. तोवर पहिली पावलं टाकून झालेली असतात, म्हणजे ज्या ताणासाठी हे करायचं तो येऊनही गेलेला असतो.

खरी ताकद पायरीवर येते. टॉवेलची घट्ट गुंडाळी बोटांखाली ठेवा, म्हणजे बोटं वर वळलेली राहतील, आणि टाच पायरीबाहेर. एका पायावर 3 सेकंदांत वर, 2 सेकंद थांबा, 3 सेकंदांत खाली. एक दिवसाआड 12-12 चे 3 सेट. दोन आठवड्यांनी पाठीवर दप्तर घेऊन वजन वाढवा आणि 10 चे 4 करा, आणखी दोन आठवड्यांनी 8 चे 5. एका पायावर जमत नसेल तर आधी दोन्ही पायांवर. घाई केली की टाच दाणकन खाली येते आणि सगळा हिशेब फिसकटतो.

अकिलीसचं माप वेगळं. दुखणं टाचेच्या हाडापासून दोन-तीन बोटं वर असेल तर पायरीखाली टाच उतरवा: 15 चे 3 सेट गुडघा सरळ ठेवून, 15 चे 3 गुडघा किंचित वाकवून, दिवसातून दोनदा, 12 आठवडे. पण दुखणं अगदी हाडाला चिकटून असेल तर टाच पायरीच्या पातळीखाली उतरवायची नाही. तिथे कंडरा हाडावर दाबली जाते आणि उलट चिघळते. सपाट फरशीवर करा. सिप्रोफ्लॉक्सासिन किंवा लेव्होफ्लॉक्सासिन या अँटिबायोटिकच्या गोळ्या चालू असतील, नुकत्याच संपल्या असतील, तर डॉक्टरांना सांगा आणि तोवर पायरीला हात लावू नका. या औषधांनी कंडरा कमजोर होऊन तुटू शकते.

आणि एक्स-रेवर ‘हाड वाढलंय’ दिसलं म्हणून घाबरू नका. टाच कधीच न दुखलेल्या कितीतरी लोकांच्या एक्स-रेतही तो काटा असतो.

डांबरी रोड

पोलीस भरतीत मुलांना 1600 मीटर, मुलींना 800 मीटर, वर 100 मीटर आणि गोळाफेक. त्यामुळे पोट्टे काय करतात, तर तारीख जाहीर झाली की रोज 1600 पूर्ण ताकदीने मारतात, तेही टाइम लावून. पाय तिथेच बसतो. पूर्ण ताकदीचं धावणं आठवड्यात दोनदा पुरे. बाकीचे दिवस सावकाश, शेजारच्याशी बोलता येईल इतकंच.

दुखत असताना हिशेब असा. शून्य म्हणजे काही नाही, दहा म्हणजे असह्य. धावताना तीनपर्यंत चालेल. पण दुसऱ्या दिवशी सकाळी पहिल्या पावलाला कालच्यापेक्षा जास्त दुखलं तर काल जास्त झालं, आज अर्ध्यावर या. सकाळ खोटं बोलत नाही. धावताना पाय गरम असतो, त्याचं ऐकू नये.

परत सुरू करताना 1 मिनिट पळ, 2 मिनिटं चाल, असे 8 फेरे, एक दिवसाआड. दोन वेळा सकाळ नीट गेली की पळ 2 मिनिटं. एका वेळी एकच गोष्ट वाढवा, अंतर किंवा वेग.

रस्ता पण बघा. आपल्याकडचा डांबरी रस्ता मधे उंच, कडेला उतरता. रोज आपल्या एकाच हाताला, समजा डावीकडूनच, धावलं की एक पाय सतत आत झुकतो, आणि मग दुखणं एकाच पायाला का हे कळत नाही. जाताना-येताना बाजू बदलून चालत नाही, कारण तोंडही फिरतं आणि तोच पाय पुन्हा उताराकडे येतो. त्यापेक्षा मुरमाचा पांदण रस्ता शोधा. काळ्या मातीचं वावर उन्हाळ्यात नको. भेगेत चवडा गेला की घोटा गेलाच. पावसाळ्यात तीच माती बुटाला किलोभर चिकटते आणि पोटरीवर जादा भार येतो. त्या महिन्यांत सायकल काढा. अकिलीस दुखत असेल तर पॅडल चवड्याने नाही, पावलाच्या मध्याने दाबायचं.

एक गोष्ट मात्र दाबून पळण्याची नाही. नडगीवर किंवा पावलाच्या वर एकाच ठिपक्यावर बोट ठेवलं की कळ, रात्री झोपेतही ठणक, त्या पायावर उडी मारता येत नाही: हाडाला बारीक चीर असू शकते. पहिल्या दोन-तीन आठवड्यांत एक्स-रे बऱ्याचदा साफ येतो. साफ आला म्हणून ग्राउंडवर जायचं नाही.

बरबटी

काऊन जी, गावात सगळे बर्फ लावा, बर्फ लावा म्हणून राहिले. आमच्या इथं लाईन कधी येते कधी जाते. बर्फ कुठून आणाचा? अन् पाय लचकला त मालिश कराची का नाही, थे बी सांगा.

पोटरी

बर्फ हा उपचार नाही, दुखणं थोडं बधिर करतो एवढंच. अर्ध्या लिटरची बाटली पाऊण भरून फ्रीझरमध्ये ठेवा (काठोकाठ भरली तर फुटते), लाईन असेल तेव्हा जमते. 10-15 मिनिटं पावलाखाली फिरवा, मधे फडकं. नाहीच जमलं तर माठाच्या पाण्यात भिजवलेलं सुती फडकं, वारंवार बदलून.

लचकल्यावर पहिले दोन-तीन दिवस मालिश नको, शेक नको, ओढून ‘बसवणं’ तर मुळीच नको. आधी हाड तुटलं नाही हे बघायचं. यासाठी जगभर वापरतात ते नियम कॅनडातल्या ओटावाचे आहेत, 1992 सालचे. घोट्याच्या दोन्ही बाजूंच्या उंचवट्यांची मागची कड, टोकापासून वर 6 सेंटिमीटरपर्यंत, दाबून बघा. मग करंगळीच्या बाजूला पावलाच्या मधोमध असलेला हाडाचा उंचवटा, मग आतल्या बाजूला कमानीवरचं हाड. यांपैकी कुठे हाडावरच कळ आली, किंवा लचकल्या-लचकल्या आणि आताही लंगडत चार पावलं टाकता येत नाहीत, तर एक्स-रे. तसं काही नसेल तर 10 सेंटिमीटर रुंद क्रेप बँडेज घ्या. पाऊल नडगीशी काटकोनात. बोटांच्या मुळापासून दोन वेढे, मग पावलावरून तिरपं घोट्यामागे, तिथून फिरवून तळव्याखाली, परत वर. इंग्रजी आठसारखं, प्रत्येक वेढा आधीच्याला निम्मा झाकेल असं. टाच उघडी सोडू नका, सूज तिथे उतरते. बोटं निळी-पांढरी पडली किंवा मुंग्या आल्या तर सोडून सैल बांधा. रात्री काढून ठेवा.

सूज उतरायला लागली की एका पायावर 30 सेकंद उभं राहायचं, हात चौकटीजवळ. जमलं की डोळे मिटून. हे दोन-तीन महिने केलं नाही तर तोच घोटा तिसऱ्यांदा, चौथ्यांदा लचकतो. मग लोक म्हणतात ‘हाड ढिलं आहे’. ढिला असतो तो तोल.

उंबरठा

योगवर्गातल्यांसाठी. सूर्यनमस्कार बंद करायची गरज नाही. अश्वसंचालनात मागच्या पायाची बोटं दुमडून भार टाकला की तळव्याचा पडदा ताणतो. तिथे मागचा पाय पालथा ठेवा, गुडघा टेकवून. पर्वतासनात टाचा जमिनीला लावायचा अट्टहास नको, गुडघे थोडे वाकवा. मागे उडी मारून जाणं पूर्ण बंद. वज्रासनात घोट्याची पुढची बाजू दुखत असेल तर तिथे टॉवेलची गुंडाळी. तालमीतल्या टाच उचलून मारायच्या बैठका तेवढ्या बाजूला ठेवा, सगळा भार चवड्यावर येतो.

निंदणाला तासभर उकिडवं बसून एकदम उठलं की तोच पडदा, तीच कळ. उठण्याआधी बसल्या बसल्या दहा वेळा पाऊल वर-खाली करा.

रापी

चपलांचं सांगतो. बूट घेताना दोन्ही टोकं धरून पिळा. टॉवेलसारखा पिळला गेला तर ठेवून द्या. चवड्यापाशी वाकला पाहिजे, मधोमध दुमडला तर तो तळव्याला आधार देणार नाही. मागची वाटी अंगठ्याने दाबून बघा, चेपली नाही पाहिजे. पुढे अंगठाभर जागा. संध्याकाळी घ्या, दिवसभरात पाय फुगलेला असतो.

झिजलेली स्लीपर आणि टायरची चप्पल, दोन्ही टाचदुखीला वाईट. एक मऊ पण निजलेली, दुसरी नुसती दगड. एमसीआरचा (मऊ रबराचा) शीट मिळतो, तो 8 मिलिमीटर जाडीचा टाचेखाली घालून घ्या. पुढची कड रापीने तासून शून्यावर आणायची. नाही तासली तर तिथेच पायरी होते आणि पडद्याला रोज ठेच लागते. मोचीला हे सांगावंच लागतं, विसरतो. दोन्ही चपलांत घाला, एकाच पायात घातली की कंबर बोलायला लागते. घरातही अनवाणी नको, फरशी सगळ्यात कडक.

उपकेंद्र

शुगर असलेल्यांना वरचं सगळं जसंच्या तसं लागू नाही. बर्फ नको, गरम पाण्यात पाय बुडवणं नको, कारण पोळलेलं कळत नाही. रोज रात्री आरसा जमिनीवर ठेवून तळवा बघा. एक पाऊल सुजलेलं, लाल, दुसऱ्यापेक्षा गरम, आणि दुखत मात्र फारसं नाही, असं झालं तर व्यायाम त्याच मिनिटाला बंद. आत हाडं ढासळत असू शकतात.

आपल्या भागातल्या आणखी तीन गोष्टी. बाभळीचा काटा आत मोडला तर तो एक्स-रेत दिसत नाही, सोनोग्राफीत दिसतो. महिनोन्‌महिने एकाच जागी टोचत असेल तर त्याची आठवण ठेवा. एकाच पायाची सूज, अधूनमधून थंडी-ताप: पूर्व विदर्भात हत्तीरोगासाठी रात्रीचा रक्तनमुना द्यायलाच हवा. आणि सिकलसेलचा आजार असलेल्या पोरांनी भरतीसाठी उन्हात, पाणी न पिता पळू नये. त्यांचं हाड दुखणं वेगळं असतं, त्याला पायरीचे व्यायाम लागू नाहीत.

मे महिन्यात पाणी कमी पिऊन, ग्राउंडआधी डायक्लोफेनॅकची सुई टोचून पळणं तर कोणीच करू नये. किडनीवर येतं, आणि दुखणं झाकलं गेल्यामुळे पाय किती बिघडला ते संध्याकाळी कळतं.

बरबटी

माझ्या पोराची टाच दुखते, बारा वर्षाचा हाय. खो-खो खेळते. त्याले बी पायरीवर कराले लावू का?

पोटरी

त्याच्या टाचेच्या दोन्ही बाजू बोटांनी चिमटून बघा. तिथे कळ येत असेल तर ती वाढीची जागा आहे, अजून पक्की न झालेली. पायरी नको. टाचेखाली रापीभाऊंनी सांगितलेली पट्टी घाला, अनवाणी कडक मैदानावर खेळणं थांबवा, आठवड्यातले खेळाचे दिवस निम्मे करा. पोटरीचा हलका ताण, भिंतीला हात लावून 30 सेकंद, तीनदा. चौदा-पंधरा वर्षांपर्यंत ती जागा जुळते आणि हे दुखणं जातं. लंगडणं रोजचं झालं, रात्री ठणकलं किंवा ताप आला, तर मात्र थांबू नका, दवाखान्यात न्या.