नमुना १७ सी कुणी हातात घेतो का?

ईव्हीएमवरच्या चर्चेत ‘मतदान यंत्रात काय चाललंय ते दिसतच नाही, मग विश्वास कशावर ठेवायचा’ असा मुद्दा आलाय, तो मला अर्धाच पटतो. मत कुणाला गेलं ते दाखवणारी व्हीव्हीपॅटची छापील चिठ्ठी काचेआड ७ सेकंद दिसते, पण मोजल्या जातात त्या विधानसभा मतदारसंघामागे फक्त ५ मतदान केंद्रांच्या. सगळ्या मोजा ही मागणी सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२४ मध्ये फेटाळली. हा ५ चा आकडा वाढायलाच हवा.

पण नमुना १७ सी, म्हणजे केंद्रावर पडलेल्या मतांच्या हिशेबाचा फॉर्म, याबद्दल या चर्चेत कुणीच बोललं नाही. मी दोनदा उमेदवाराचा मतदान प्रतिनिधी म्हणून केंद्रावर बसलोय. मतदान संपल्यावर ‘क्लोज’ बटण दाबलं की कंट्रोल युनिटवर (यंत्राच्या मतदान अधिकाऱ्याकडच्या भागावर) एकूण मतं दिसतात. तोच आकडा केंद्राध्यक्ष या फॉर्मवर लिहून, सही करून प्रतिनिधींना प्रत देतात. मतमोजणीच्या टेबलावर तोच जुळवून बघायचा. मागच्या वेळी आमच्या केंद्रावरचे पाचपैकी तिघं साडेपाचलाच निघून गेले, प्रत घ्यायला उरलो आम्ही दोघं. सकाळच्या मॉक पोललाही (मतदानाआधीच्या चाचणीलाही) तीच गत. किमान ५० मतं टाकून, चिठ्ठ्यांशी ताळा घालून दाखवतात, आणि बघायला मी एकटा. १७ सी ची ती प्रत अजून माझ्या कपाटात आहे.