अनामवीराची गीतमाला आणि ऑपेराचा गळा

चर्चाप्रस्ताव : मंद्रसप्तक

वॉशिंग्टनहून पोटोमॅक नदी ओलांडली की आर्लिंग्टनची लष्करी दफनभूमी लागते. तिथल्या अज्ञात सैनिकाच्या समाधीला २०२१ साली शंभर वर्षे पूर्ण झाली आणि त्या निमित्ताने अर्बनआरियास या त्याच परिसरातल्या छोट्या ऑपेरा संस्थेने 'अननोन' नावाची एक गीतमाला करवून घेतली. संगीत शॉन ओकपेबोलो यांचे आहे, कविता मार्कस अमेकर यांची आहे आणि गायक आहेत ते एरवी ऑपेराच्या रंगमंचावर वावरणारे.

काही वर्षांपूर्वी मी त्या समाधीसमोर उभा होतो. पहारेकरी एकवीस पावले चालतो, समाधीकडे तोंड करून एकवीस सेकंद थांबतो, वळतो, पुन्हा एकवीस सेकंद थांबतो आणि परत एकवीस पावले चालू लागतो. एकवीस तोफांच्या सलामीवरून घेतलेला हा आकडा. १९३७ पासून हा पहारा दिवसरात्र चालू आहे. तिथे घोषणा नाहीत, वाद्ये नाहीत, बुटांच्या टाचांचा आवाज तेवढा ऐकू येतो. गीतमाला ऐकताना मला तो आवाज सारखा आठवत होता.

माझे म्हणणे असे आहे की शौर्याचे गाणे, विशेषतः ज्याचे नावही उरलेले नाही अशा माणसाच्या शौर्याचे गाणे, कलागीताच्या लहानशा चौकटीतच खरे उतरते. कलागीत म्हणजे एका गळ्यासाठी आणि बहुधा एकट्या पियानोच्या साथीवर बांधलेली कविता. ऑपेरातल्या वीराला नाव असते, तलवार असते, शत्रू असतो. जर्मन परंपरेत तर 'हेल्डनटेनर', म्हणजे वीरटेनर, अशी उंच पुरुषी आवाजाची एक जातच आहे, आणि जर्मन संगीतकार वाग्नरच्या ऑपेरातला वीर सीगफ्रीड मरतो तेव्हा अख्खा वाद्यवृंद त्याच्यासाठी शोक करतो. अज्ञात सैनिकाला यातले काहीच देता येत नाही. त्याच्यासाठी गाणे रचायचे तर वाद्यवृंद काढून घ्यावा लागतो, पण गळा मात्र ऑपेराचाच हवा, असे मी आग्रहाने म्हणतो. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेरात सुमारे ३,८०० श्रोते बसतात आणि तिथे ध्वनिक्षेपकाशिवाय शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचणारा गळा जेव्हा पियानोशेजारी उभा राहून हलक्या आवाजात गातो, तेव्हा त्याने राखून ठेवलेले बळ ऐकणाऱ्याला जाणवते. ज्याच्यापाशी एवढे बळच नाही, त्याच्या हळू गाण्यात ही जाणीव येत नाही. अनामवीराचे शौर्यही मला असेच वाटते : बळ होते, ते खर्ची पडले, आणि त्याचा हिशेब कुणापाशीच उरला नाही.

आपले मत वेगळे असेल तर अवश्य मांडावे.

शब्दनिष्ठ

प्रस्ताव मनापासून लिहिलेला आहे, परंतु मला तो मान्य नाही. शौर्याच्या गाण्यात पहिला मान शब्दाचा असतो आणि ऑपेराच्या तालमीत नेमका शब्दच मागे पडतो. स्त्रीचा आवाज साधारण ७०० हर्ट्झच्या (सेकंदाला ७०० कंपनांच्या) वर गेला की 'ई' आणि 'आ' यांतला फरक कानाला ओळखणे कठीण होऊ लागते, कारण ज्या अनुनादांवरून आपण स्वर ओळखतो त्यांतला सर्वांत खालचा अनुनाद गायलेल्या सुराच्याही खाली राहतो. हा गायिकेचा दोष नव्हे, शरीराची मर्यादा आहे. पुरुष गायक ३,००० हर्ट्झच्या आसपासचा अनुनाद मुद्दाम वाढवतात, त्यामुळे त्यांचा आवाज वाद्यवृंदाला भेदून वर येतो. मंद्रसप्तक यांनी स्वतःच वाद्यवृंद काढून घेतला आहे. मग त्याला भेदण्यासाठी घडवलेला गळा तेवढा ठेवण्याचे प्रयोजन काय?

आपल्याकडे शाहीर डफावर थाप मारून पोवाडा उभा करतो तेव्हा शेवटच्या माणसालाही शब्द कळतो. अफझलखानाच्या वधावरचा अज्ञानदासाचा पोवाडा साडेतीनशे वर्षांनंतरही शब्दांसकट आपल्यापाशी आहे. शौर्य लोकांपर्यंत पोहोचवायचे असेल तर ते लोकांना कळेल अशा आवाजातच गायले पाहिजे. ज्या आईला मुलाचा देहही ओळखता आला नाही, तिला त्याच्यावरचे गाणे तरी हातात छापील कागद न घेता समजावे, ही अपेक्षा मला अवाजवी वाटत नाही.

मंद्रसप्तक

शब्दनिष्ठ, वरच्या सप्तकाबद्दलचा आपला मुद्दा मी स्वीकारतो. म्हणूनच कलागीते लिहिणारे जाणते संगीतकार महत्त्वाचे शब्द मधल्या सप्तकात ठेवतात आणि वरचे सूर उद्गारासाठी राखतात. पोवाड्याची तुलना मात्र इथे लागू पडत नाही, असे मला वाटते. पोवाडा नावांवर उभा असतो. कोण आला, कुणी वार केला, कोण पडला, हे सांगणे हेच त्याचे काम आहे आणि शाहीर शेवटी स्वतःचे नावही गुंफतो. ज्याचे नावच नाही त्याचा पोवाडा कसा रचणार? त्याच्यासाठी आपल्याकडे वीरगळ आहे. खालच्या चौकटीत लढाई, मधे वीराला घेऊन जाणाऱ्या अप्सरा, वर शिवपिंडीची पूजा आणि माथ्यावर चंद्रसूर्य. गावाबाहेरच्या असंख्य वीरगळांवर एक अक्षरही कोरलेले नाही. कुसुमाग्रजांनी 'अनामवीरा' अशी हाक मारली ती ज्याच्यासाठी कुणी स्तंभ उभारला नाही त्यालाच, आणि ती कविता आपण भावगीत म्हणूनच ऐकत आलो; डफावर ती कुणी म्हटली नाही.

उत्तररात्र

आवाजाच्या वादापेक्षा मला 'शौर्य' या शब्दाची अधिक काळजी वाटते. आपण सगळे असे गृहीत धरून बोलत आहोत की अनाम असणे ही काहीतरी उदात्त गोष्ट आहे. आर्लिंग्टनचाच इतिहास याविरुद्ध साक्ष देतो.

व्हिएतनाम युद्धातला अज्ञात सैनिक म्हणून २८ मे १९८४ रोजी ज्याला तिथे ठेवले, तो प्रत्यक्षात मायकेल ब्लासी नावाचा वैमानिक होता. ११ मे १९७२ रोजी व्हिएतनाममधल्या अन लॉकजवळ त्याचे विमान पाडले गेले. अवशेष सापडले तेव्हा त्यांच्याजवळ त्याचे ओळखपत्रही मिळाले होते आणि प्रारंभी ते 'बहुधा ब्लासीचे' असेच नोंदले गेले होते. पुढे ती नोंद बदलून त्यांना अज्ञात ठरवण्यात आले. कुटुंबाने पाठपुरावा केला, १९९८ साली थडगे उघडले, डीएनए तपासणीने ओळख पटली आणि ब्लासीला सेंट लुईस या त्याच्या गावी नेऊन पुन्हा पुरले. तेव्हापासून ते थडगे रिकामे आहे. बेपत्ता सैनिकांचा सन्मान राखण्याविषयीचे शब्द आता त्यावर कोरलेले आहेत.

चौदा वर्षे राष्ट्राने ज्याला अनाम म्हणून मानवंदना दिली, त्याच्या घरच्यांना ती मानवंदना नको होती, त्यांना तो हवा होता. हे घडून गेलेले असताना शताब्दीसाठी गीतमाला करवून घेणे आणि ती कसलेल्या, सुंदर गळ्यांकडून गाऊन घेणे, यात मृत्यूला शोभा आणण्याचा धोका आहे. आवाज जितका सुंदर, तितका हा धोका मोठा.

कलागीतानेच पूर्वी याहून धीट काम केलेले आहे. वेरेश्चागिन या रशियन चित्रकाराने रणांगणावर विसरून टाकलेल्या सैनिकाचे चित्र काढले, त्यावर सैन्याची बदनामी केल्याचा ठपका आला आणि १८७४ साली त्याने स्वतःच ते चित्र नष्ट केले. त्याच वर्षी रशियन संगीतकार मुसॉर्गस्कीने त्या चित्रावर कवी गोलेनिश्चेव-कुतुझोवच्या शब्दांत गाणे बांधले. प्रेत मैदानात पडले आहे, त्यावर कावळे आहेत, आणि दूर घरी बायको तान्ह्याला थोपटत बाबा येणार आहेत असे सांगते आहे. पुढे 'मृत्यूची गीते आणि नृत्ये' या चार गाण्यांच्या मालेत शेवटी सेनापती येतो तो स्वतः मृत्यूच. दोन्ही सैन्यांचा विजेता म्हणून तो घोड्यावरून रणांगण पाहतो. त्या गाण्यांत शौर्य असा शब्द कुणी उच्चारत नाही. मला तेच प्रामाणिक वाटते.

साथसंगत

मी गेली अनेक वर्षे गायकांना पियानोवर साथ करते. उत्तररात्र यांनी ज्या मुसॉर्गस्कीचा आधार घेतला, त्याच्या गाण्यांनाही ऑपेराचाच गळा लागतो, एवढे आधी नोंदवते. शोस्ताकोविच या सोव्हिएत संगीतकाराने १९६२ साली 'मृत्यूची गीते आणि नृत्ये'मधली ती चार गाणी वाद्यवृंदासाठी बांधली ती गालिना विश्नेव्स्काया या मॉस्कोच्या बोल्शॉय ऑपेरागृहातल्या सोप्रानोसाठी, म्हणजे उंच स्त्रीस्वराच्या गायिकेसाठी. मृत्यू तिथे आईशी अंगाईच्या सुरात बोलतो, प्रियकर होऊन खिडकीखाली गातो आणि शेवटी सेनापती होऊन गरजतो. अशी रूपे पालटण्याची तालीम रंगमंचावरच मिळते.

मला सांगायचे आहे ते मात्र बटरवर्थच्या एका गाण्याविषयी. जॉर्ज बटरवर्थ या इंग्रज संगीतकाराने इंग्रज कवी हाउसमनच्या सहा कवितांना १९११ साली चाली दिल्या, म्हणजे पहिले महायुद्ध अजून तीन वर्षे दूर होते. त्यांतल्या शेवटच्या गाण्यात मेलेला तरुण प्रश्न विचारतो : माझे घोडे अजून नांगर ओढतात का, फुटबॉल अजून खेळतात का, माझी मैत्रीण सुखात आहे ना? जिवंत मित्र एकेका प्रश्नाला उत्तर देतो आणि शेवटी कळते की त्या मुलीला आता त्यानेच जवळ केले आहे. दोघांचेही बोलणे एकच गायक गातो. मृताची कडवी अगदी हळू, वरून खाली उतरणाऱ्या स्वरसंगतींवर. मित्राची भरल्या आवाजात, वेगाने. साथ करताना माझे हात मृताच्या कडव्यात जवळजवळ वाजतच नाहीत, पट्ट्यांवर नुसते टेकतात. ज्यांच्यापाशी मोठा आवाज नव्हता अशा गायकांबरोबर हे गाणे मी वाजवले आहे. तेव्हा मृत आणि जिवंत यांच्यातले अंतर उभे राहिले नाही, दोघेही सारखेच अशक्त वाटले. मंद्रसप्तक ज्याला राखून ठेवलेले बळ म्हणतात, ते मी पियानोच्या बाकावरून अनुभवलेले आहे.

५ ऑगस्ट १९१६ रोजी फ्रान्समधल्या सोमच्या लढाईत पोझिएरजवळ बटरवर्थ गोळी लागून मारला गेला. तेव्हा तो एकतीस वर्षांचा होता. त्याचा देह कधी सापडला नाही. तिथल्याच तिएप्वालच्या स्मारकावर थडगे न मिळालेल्या बहात्तर हजारांहून अधिक जणांची नावे आहेत, त्यांत त्याचेही आहे. त्यामुळे अज्ञात सैनिकाविषयी गाणे कुणी रचावे, याचे उत्तर माझ्यापुरते तरी या सहा गाण्यांत आहे.

शब्दनिष्ठ

साथसंगत यांच्या अनुभवापुढे वाद घालणे मला उचित वाटत नाही. परंतु त्यांनी दिलेल्या उदाहरणात शब्द स्पष्ट कळल्याखेरीज गाणे घडतच नाही, हेही त्यांनी मान्य करावे. शेवटचे उत्तर श्रोत्याला कळले नाही, तर एकाच गळ्याने दोन आवाज काढणे हे निव्वळ कौशल्य ठरते. म्हणजे गळा ऑपेराचा असो वा नसो, कसोटी शब्दाचीच राहते.

तिसरी घंटा

गीतमालेच्या रचनाकारांचा इथे फारसा विचार झालेला नाही. ओकपेबोलो आणि अमेकर हे दोघेही आफ्रिकी-अमेरिकी आहेत. त्यांनी याआधी 'टू ब्लॅक चर्चेस' (कृष्णवर्णीयांची दोन चर्चे) या दोन गाण्यांत एकत्र काम केले. पहिल्या गाण्याची कविता डडली रँडल यांची आहे : मोर्चात जायला निघालेल्या मुलीला आई सुरक्षित म्हणून चर्चमध्ये पाठवते, आणि बॉम्ब चर्चमध्येच फुटतो. १५ सप्टेंबर १९६३ रोजी बर्मिंगहॅममध्ये चार मुली अशा मारल्या गेल्या. दुसऱ्या गाण्याची कविता अमेकर यांची, १७ जून २०१५ रोजी चार्ल्सटनच्या चर्चमध्ये मारल्या गेलेल्या नऊ जणांवरची. ही दोन्ही गाणी बॅरिटोन, म्हणजे मध्यम पुरुषी आवाजाचे गायक, विल लिव्हरमन यांच्या आवाजात २०२१ साली प्रसिद्ध झाली. त्याच वर्षी लिव्हरमन यांनी मेट्रोपॉलिटन ऑपेराच्या हंगामाचा आरंभ केला तो टेरेन्स ब्लँचर्ड यांच्या ऑपेराने. १८८३ साली सुरू झालेल्या त्या संस्थेत कृष्णवर्णीय संगीतकाराचा ऑपेरा तोवर कधीच झाला नव्हता.

हे सांगण्याचे कारण असे, की कुणाच्या मरणाला शोभा आणली जाते आणि कुणाच्या मरणाची नोंदही होत नाही, हे या दोघांना शिकवावे लागत नाही. २४ ऑक्टोबर १९२१ रोजी फ्रान्समधल्या शालों येथे सार्जंट एडवर्ड यंगर याने अज्ञात सैनिकांच्या चार सारख्या शवपेट्यांपैकी एकीवर पांढरे गुलाब ठेवले आणि ती पेटी आर्लिंग्टनला आली. त्या काळी अमेरिकी सैन्यात गोऱ्या आणि काळ्या सैनिकांच्या पलटणी वेगळ्या होत्या. पेटीतला माणूस कोणत्या पलटणीतला होता, हे ती निवडणाऱ्याला माहीत नव्हते, आणि सलामी देणाऱ्या कुणालाही आजवर कळलेले नाही. उत्तररात्र यांना अनाम असण्यात केवळ अन्याय दिसतो. मला त्यात हेही दिसते, की जिवंतपणी ज्याला वेगळ्या रांगेत उभे केले असते, तोही कदाचित तिथे असेल आणि राष्ट्राला त्याच्यापुढे मान झुकवावी लागत असेल.

मंद्रसप्तक

तिसरी घंटा, आभारी आहे. माझ्या प्रस्तावात ही बाजू यायला हवी होती. उत्तररात्र यांचा ब्लासीचा मुद्दाही मी बाजूला सारू शकत नाही. मी तिथे उभा होतो तेव्हा त्या पटांगणात एक थडगे रिकामे आहे, हे मला ठाऊक नव्हते. आवाजाविषयीचे माझे मत बदललेले नाही, पण 'शौर्याची गीतमाला' असे जे मी सहज म्हणत होतो ते आता म्हणवत नाही.

उत्तररात्र

तिसरी घंटा यांचे म्हणणे मला पटले, तरी पूर्ण पटलेले नाही. अज्ञानामुळे मिळालेला मान हा त्या माणसाला मिळालेला मान नव्हे. तो कोण आहे हे कळल्यावरही मान झुकली असती का, हा प्रश्न १९२१ साली कुणी विचारला नाही. साथसंगत यांना मात्र माझी एक विनंती आहे. बटरवर्थच्या त्या गाण्यातली मृताची कडवी आपण वाजवता, तेव्हा गायकाने श्रोत्यांकडे पाहावे की नजर खाली ठेवावी, याविषयी आपण त्याला काही सांगता का? माझा आक्षेप बहुधा तिथेच कुठेतरी आहे.

साथसंगत

मी सांगते की पियानोकडे पाहा. श्रोत्यांकडे पाहून गायले की तो मृत त्यांच्याकडून दया मागतो आहे असे वाटते, आणि हाउसमनच्या कवितेत तो फक्त चौकशी करतो आहे. पुष्कळ गायकांना हे जड जाते, कारण रंगमंचावर त्यांना कायम समोर पाहण्याची सवय असते. दोन-तीन तालमींनंतर जमते.