तातडीने मदत हवी: 'हॅड' नेमका कुठे लावायचा?

सांजवारा:
मंडळी, डोकं चालेनासं झालंय. साहेब माझ्या प्रत्येक मेलमधला 'हॅड' खोडतात. कारण विचारलं तर "ग्रामर बघा" एवढंच. नियम तर पाठ आहे: हॅड आणि पुढे क्रियापदाचं तिसरं रूप. मग चुकतं कुठे? उद्या सकाळी पुन्हा मेल पाठवायचाय, लवकर सांगा.

रानवाट:
अहो, पण वाक्य कुठाय? एखादं तरी लिहा.

इंद्रायणीकाठ:
आयईएलटीएस देताय ना? लेखनाला ६० मिनिटं, त्यात दोन प्रश्न, १५० आणि २५० शब्दांचे. घड्याळ लावून रोज लिहा. माझ्या भाचीला त्यानेच फायदा झाला.

सांजवारा:
परीक्षा नाही हो, नोकरी! हे घ्या वाक्य: 'आय हॅड विझिटेड द साइट यस्टरडे.' मी काल साइटवर गेलो होतो. यात काय चुकलं?

खडूफळा:
आता कळलं. मी आठवी ते दहावीला इंग्रजी शिकवते, दर वर्षी निम्म्या वह्यांत हेच असतं. 'काल गेलो होतो' म्हणजे गेलो आणि परत आलो, एवढंच आपल्याला सांगायचं असतं. इंग्रजीत त्याला साधा भूतकाळ पुरतो: 'आय विझिटेड द साइट यस्टरडे.' हॅडला भूतकाळातली दुसरी एखादी घटना लागते, जिच्या आधी ही घडली. 'मी स्टेशनवर पोचलो तेव्हा गाडी सुटली होती' यात पोचणं आहे, सुटणं त्याच्याही आधीचं आहे, म्हणून 'द ट्रेन हॅड लेफ्ट'. मराठी वाक्यात 'त्याआधीच' घालून बघा. अर्थ न बदलता बसलं तर हॅड.

मृगसर:
कशाला एवढा काथ्याकूट? सगळा भारत असंच बोलतो, समोरच्याला कळतं. आपल्या इंग्रजीची आपल्यालाच लाज का?

टोरांटोकट्टा:
लाजेचा प्रश्न नाही. इथे सुरुवातीला मीही 'आय हॅड सेंट द फाइल' म्हणायचो. समोरचा गप्प राहून पुढचं ऐकायला थांबायचा, 'पाठवली होतीस, मग काय झालं?' अशा चेहऱ्याने. आणि इथे 'डिड यू ईट यट?' सर्रास चालतं, तेव्हा पुस्तकी नियमांना फार कवटाळू नका.

रानवाट:
टोरांटोकट्टा, तो हॅव आणि डिडचा वाद आहे. अमेरिकेकडे एक, ब्रिटनमध्ये दुसरं. इथे प्रश्न हॅडचा आहे, त्यांना आणखी गोंधळात टाकू नका.

जुनापार:
मुळात आमचं इंग्रजी सुरू झालं पाचवीत. राज्यात पहिलीपासून इंग्रजी आलं ते २००० साली. पाया उशिरा पडला, दुसरं काय.

मृगसर:
पहिलीपासून शिकलेली मुलंही हेच लिहितात! उलट मराठी पक्कं असेल तर इंग्रजी लवकर येतं.

पाऊलवाट७:
अ आणि अ‍ॅनसाठी सोपं सांगतो: स्पेलिंग बघू नका, उच्चार ऐका. अ‍ॅन अवर, पण अ युनिव्हर्सिटी.

सांजवारा:
ते मी विचारलेलंच नाही! खडूफळा ताई, मेलमधली उरलेली तीन वाक्यं: 'मी पोचण्याआधीच पंप बंद पडला होता.' 'मी परवा कोटेशन पाठवलं आहे.' 'सोमवारी मी साइटवर गेलो नव्हतो.'

खडूफळा:
पहिल्यात हॅड हवाच: 'द पंप हॅड ऑलरेडी स्टॉप्ड व्हेन आय रीच्ड.' दुसऱ्यात 'आहे' बघून तुम्ही हॅव लावाल, तो लावू नका. परवा म्हटलं की वेळ ठरली, म्हणून 'आय सेंट'. तिसऱ्यात 'नव्हतो' बघून हॅड नॉट सुचेल, पण तिथे 'आय डिडन्ट गो टू द साइट ऑन मंडे'.

सांजवारा:
म्हणजे होता, आहे, नव्हतो, मी शब्दाला शब्द लावत होतो. दोन महिन्यांत कुणी एवढं सांगितलं नव्हतं. मनापासून आभार, ताई. मेल दुरुस्त करायला बसतो.

पाऊलवाट७:
अ‍ॅन एमबीए, अ युरोपियन. हेही लिहून ठेवा.