नवख्याला पहिलं काय वाचायला द्यावं? माझं मत: ब्रुक्स

मांडवीकाठ: फोंड्याच्या दोन मुलींनी विचारलं, सॉफ्टवेअरच्या नोकरीला लागण्याआधी काय वाचू? मी फ्रेड ब्रुक्स यांचं ‘द मिथिकल मॅन-मंथ’ सांगितलं. १९७५चं पुस्तक म्हटल्यावर दोघी गप्प. पण मी ठाम आहे. आयबीएम कंपनीच्या ओएस/३६० या संगणक चालवणाऱ्या प्रणालीचं काम सांभाळून ब्रुक्स यांनी लिहिलं की रखडलेल्या प्रकल्पावर माणसं वाढवली तर तो आणखी रखडतो. पणजीत पाटोवरच्या एका कचेरीत मी हे भोगलंय. आम्ही दोन महिने मागे होतो, तर साहेबांनी चार नवी मुलं आणून बसवली. कोड ठाऊक असलेले आम्ही दोघंच. दिवसभर त्या मुलांच्या खुर्चीमागे उभं राहून समजावायचं आणि स्वतःचं काम रात्री, शेवटची बस चुकवून. काम आणखी सहा आठवडे लांबलं.

काणकोणची: बाब, नाही पटत. माणसं वाढवायची की नाही हे नवख्या मुलीला कोण विचारतं? ते पुस्तक तुमच्या साहेबांना द्या. मुलींना एक्सझेडवर काम करणाऱ्यांची ईमेल-पत्रं द्या, ती जाहीर आहेत. फाइल दाबून लहान करणारं हे साधन लिनक्समध्ये सगळीकडे असतं, आणि सांभाळणारा मुख्यतः एकच माणूस, लासे कॉलिन. २०२२मध्ये लोक त्याच्यामागे लागले, काम पुढे का सरकत नाही म्हणून. त्याने आठवण करून दिली की हे बिनपगारी, छंदाचं काम आहे. मदतीला आलेल्या ‘जिया तान’ने विश्वास कमावला आणि २०२४मध्ये त्यातच चोरवाट घातली. आंद्रेस फ्रॉइंड या प्रोग्रामरला ती सापडली कशी? एसएसएचने, म्हणजे दूरच्या संगणकात सुरक्षितपणे शिरायच्या सोयीने, लॉगिन करायला अर्धा सेकंद जास्त लागतोय, एवढ्यावरून! ती पत्रं वाचताना माझ्या पोटात गोळा आला होता.

डिचोलीचा मास्तर: मग सगळ्यांना वाचता येणाऱ्या खुल्या कोडवरचा एरिक रेमंडचा १९९७चा निबंध ‘द कॅथेड्रल अँड द बझार’ आधी वाचा. बघणारे डोळे पुरेसे असले की दोष लपत नाहीत, हे त्यातलंच. चोरवाट सापडली, म्हणजे ते खरं ठरलं.

काणकोणची: मास्तर, डोळे होते कुठे? २०१४मध्ये उघड झालेल्या हार्टब्लीड या दोषाचंही तेच. इंटरनेटचा मोठा भाग ओपनएसएसएल या माहिती गुप्त ठेवणाऱ्या खुल्या कोडवर चालायचा, पण त्यातला तो दोष दोन वर्षं कोणाला दिसला नाही. वापरणारे पुष्कळ, वाचणारे मोजके. निबंध द्या, पण ही पत्रं सोबत ठेवून. नुसता निबंध वाचून मुलं निर्धास्त होतात.

डिचोलीचा मास्तर: वाचणारे मोजके, हे मान्य. पण बंद कोडमध्ये फ्रॉइंडला तेवढंही खोदता आलं नसतं.

मांडवीकाठ: काणकोणची, नवख्या मुलीला कोणी विचारत नाही, खरं आहे. पण रात्री जागायला तिलाच लावतात. त्या चारातली एक मुलगी जिन्यात रडत होती, आपल्यामुळे उशीर झाला म्हणून. तिने ब्रुक्स वाचलेले असते तर तिला कळलं असतं की चूक तिची नाही. मी पहिलं पुस्तक बदलणार नाही.

काणकोणची: हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं. तरी पत्रं आधी, असंच म्हणेन. इंग्रजी जड जाणाऱ्या मुलींना तुम्ही ब्रुक्स मराठीत सांगणार असाल, तर मी एक्सझेडची पत्रं छापून आणते. रविवारी फोंड्याला भेटू.