मुलांच्या शीची नोंद: तुम्हाला काय सापडलं?

"रोज होते ना?" या एका प्रश्नावर आम्ही 8 महिने काढले. लेक साडेचार वर्षांची. चड्डीला रोज थोडं पातळ लागायचं, म्हणून पोट बिघडलंय असंच सगळे धरून चाललो. शेवटी डॉक्टरांनी 2 आठवडे लिहून आणायला सांगितलं: तारीख, वेळ, कशी होती, दुखलं का, चड्डी खराब झाली का. वहीत दिसलं की खरी शी 5-6 दिवसांतून एकदाच होते, तीही जाड आणि कडक. आत साठून राहिलेल्या शीच्या कडेनं पातळ झिरपत होतं आणि तिला ते कळतही नव्हतं. मी मात्र तिला त्यावरून रागवायचे, त्याचं अजून वाईट वाटतं. कोपऱ्यात टाचा उचलून, पाय आवळून उभी राहायची. आम्हाला वाटायचं कुंथतेय. ती रोखून धरत होती, कारण एकदा दुखलं होतं. आधी साठलेलं मोकळं केलं, मग शी मऊ ठेवणारं औषध कित्येक महिने. जेवल्यावर आतडी जास्त हलतात, म्हणून तेव्हाच 5-10 मिनिटं पायाखाली स्टूल देऊन बसवतो. तुम्ही नोंद ठेवली असेल तर जरूर लिहा.

—

आमचं बाळ 2 महिन्यांचं, फक्त अंगावरच्या दुधावर. 6 दिवस शी नाही, घरात घबराट. पण दूध, लघवी, वजन नीट होतं. सातव्या दिवशी झाली, एकदम मऊ.

—

'घट्ट' म्हणजे काय, यावर माझं आणि आजीचं कधी जुळलं नाही. मग शीच्या प्रकारांना 1 ते 7 आकडे देणारा ब्रिस्टल तक्ता फ्रिजवर लावला. 1 म्हणजे सुटे खडे, 3-4 ठीक, 7 म्हणजे नुसतं पाणी. आता दोघी फक्त आकडा लिहितो.

—

एक कळकळीचं सांगते. तान्ह्या बाळाची शी पांढुरकी किंवा राखाडी दिसली तर वही भरत बसू नका, त्याच दिवशी दाखवा. आमच्या बाळाची पित्तनलिका, म्हणजे पित्त आतड्यात नेणारी नळी, बंद होती. त्यासाठीच्या ऑपरेशनला पहिल्या 2 महिन्यांतला प्रत्येक दिवस मोलाचा असतो.

—

मुलगा 9 वर्षांचा. नोंदी शनिवार-रविवारच्याच निघाल्या. शाळेच्या संडासाला कडी नव्हती, म्हणून तो दिवसभर दाबून धरायचा. शाळेशी बोललो, कडी बसली. आम्ही विचारलेलं त्याला लाजिरवाणं वाटतं, म्हणून आता तो स्वतःच लिहितो आणि रविवारी वही दाखवतो.