विषय: लेकीची किटा (जर्मन पाळणाघर-बालवाडी) आणि आइनगेवोनुंगसाठी (मूल तिथे रुळवण्यासाठी) रजा

नमस्कार मंडळी,

आमची लेक ऑगस्टमध्ये दोन वर्षांची झाली. गुटशाइन (किटाच्या जागेसाठीचं सरकारी पत्र) आला, बर्लिनच्या वेडिंग भागातल्या किटात ऑक्टोबरपासून जागाही मिळाली. आता किटा म्हणते, आइनगेवोनुंगसाठी आई-बाबांपैकी कुणीतरी तीन-चार आठवडे मोकळं ठेवा. मला जेमतेम एक आठवडा रजा मिळते आहे. सासूबाई नाशिकहून आल्या आहेत, तीन महिन्यांच्या व्हिसावर. त्या म्हणतात, बालवाडीत पोराला फाटकात सोडायचं आणि मागे न बघता निघायचं, दोन दिवस रडतं आणि रुळतं. त्यांनी मुलं वाढवली आहेत, मला उलट बोलवत नाही. पण जीव होत नाही. लेकीला जर्मनचा गंधही नाही. घरी आतापासून जर्मन बोलायला लागू का?

– वेडिंगची एक आई

---

ताई, नमस्कार.

आधी रजेचं. आठवड्यात उरकायला जाऊ नका, हे कळकळीने सांगतो. बर्लिनमधल्या बहुतेक किटांमध्ये ज्या पद्धतीने मुलं रुळवतात, त्यात पहिले तीन दिवस तुम्ही तासभर तिच्यासोबत कोपऱ्यात नुसतं बसायचं. सोडून जायचं नाहीच. चौथ्या दिवशी पहिल्यांदा, तिला सांगून, थोडा वेळ बाहेर. तो दिवस सोमवार आला तर तेही पुढे ढकलतात, कारण शनिवार-रविवारनंतर मुलं पुन्हा घरची झालेली असतात. काही मिनिटांत रडू थांबलं नाही तर तुम्हाला आत बोलावतात.

आमचा मुलगा तिसऱ्या दिवशी ठोकळ्यांत रमलेला बघून मी हळूच सटकलो. वाटलं, छान जमलं. पुढे दहा दिवस तो माझी पँट सोडेना. घरात मी न्हाणीत गेलो तरी दाराशी बसून रडायचा. सगळं पहिल्यापासून करावं लागलं. तेव्हा चोरून निघणं नको, ती कितीही रमलेली असो.

आजींना पाठवता येईल, लेकीला त्यांची सवय असेल तर. पण रुळायच्या सुमारास आजीच परत गेल्या, तर तिला दोन्ही गोष्टी एकदम सोसाव्या लागतील. त्यापेक्षा पहिला आठवडा तुम्ही, पुढचे दोन तिच्या बाबांनी घ्यावेत. दुपारी आणायला आजी जाऊ देत. किटात त्यांच्या नावाची लेखी परवानगी द्या, नाहीतर मूल त्यांच्या हाती देणार नाहीत.

घरी मराठीच बोला. जर्मन ती किटात शिकेल, मराठी तुमच्याशिवाय इथे कोण शिकवणार? फक्त तिच्या रोजच्या दहा-बारा शब्दांची चिठ्ठी करून किटातल्या ताईंना द्या: मम्मम, पाणी, गाई, उचल, नको. रोमन अक्षरांत लिहून पुढे जर्मन अर्थ. आणि 'शू' सगळ्यात वर. जर्मनमध्ये 'शू' म्हणजे बूट. आमचा पोरगा शू शू करत राहिला आणि ताई त्याला बूट घालत राहिल्या. कपडे ओले झाले, तो ओशाळून कोपऱ्यात जाऊन बसला. कुणाचीच चूक नव्हती, पण तो चेहरा मी विसरलो नाही.

कागदांत एकच गोष्ट अडते, गोवराची लस. २०२० पासून कायदाच आहे, दुसरा वाढदिवस झाला की दोन डोसांचा पुरावा लागतो. डोस भारतात दिले असतील तर ते कार्ड बालरोगतज्ज्ञांना दाखवून लसीकरणाच्या पिवळ्या पुस्तिकेत नोंद करून घ्या. अपॉइंटमेंट आजच मागा. किटाची फी बर्लिनमध्ये २०१८ पासून नाही, जेवणाचे महिन्याला २३ युरो तेवढे. शाकाहारी असाल तर पहिल्याच दिवशी सांगा, अंडं-मासे चालतात का तेही स्पष्ट.

– मोआबिटचा एक बाबा

---

दादा, आज चौथा दिवस होता, गुरुवार. तिला सांगितलं, "आई बाहेर बसते, परत येते," आणि निघाले. रडली. मी बाहेरच्या बाकावर घड्याळ बघत होते. पंधरा मिनिटांनी आत बोलावलं तर ताईंच्या कडेवर, डोळे ओले, हातात केळं. नवऱ्याने सोमवारपासून दोन आठवडे रजा टाकली आहे. सासूबाईंनी चिठ्ठीत आपल्या हाताने एक शब्द वाढवला: 'आजी'.