उत्तर वरच संपलं तर वेबसाइट कुणासाठी चालवायची?

कृष्णाकाठ_सांगली: काल इथे एकानं लिहिलं, 'बेदाण्याच्या डीपिंगचं, म्हणजे वाळवण्याआधी द्राक्षं ज्या द्रावणात बुडवतात त्याचं, प्रमाण गूगल सर्चच्या वरच्याच चौकटीत मिळतंय, मग वेबसाइटवाल्यांनी गळा का काढायचा? माहिती कुणाच्या बापाची नाही.' हे वाचून गप्प बसवेना.

माहिती कुणाच्या बापाची नाही, कबूल. पण ती दर हंगामाला तपासायला माणूस लागतो, होस्टिंगचं भाडं लागतं. आधी व्यवहार सरळ होता: सर्चनं पान वाचायचं, दोन ओळी दाखवायच्या, वाचक पानावर पाठवायचा. ऑगस्ट 2024 मध्ये एआय ओव्हरव्ह्यू, म्हणजे निकालांच्या वर गूगलनंच तयार केलेल्या उत्तराची चौकट, भारतात आलं आणि चार पानांची भेसळ करून उत्तर वरच संपायला लागलं.

वेबसाइटवाल्यांना सर्चमधले आकडे दाखवणाऱ्या गूगलच्या सर्च कन्सोलमध्ये 'परफॉर्मन्स' उघडा आणि यंदाचे जानेवारी ते मार्च गेल्या वर्षीच्या त्याच महिन्यांशी ताडून बघा. लगतच्या महिन्यांशी तुलना करू नका, द्राक्षाचा हंगाम आकडे फसवतो. इम्प्रेशन (पान निकालात किती वेळा दिसलं) आणि पोझिशन (कितव्या जागी दिसलं) जागच्या जागी आणि क्लिक तेवढे घसरलेले, असं ज्या प्रश्नांवर दिसेल ते 'प्रमाण किती', 'किती दिवस' याच जातीचे असतील.

आणि नकार द्यायचा तरी कसा? कोणत्या बॉटनं काय वाचायचं ते सांगणाऱ्या रोबोट्स फाइलमध्ये 'गूगल-एक्स्टेंडेड' अडवलं तर गूगलच्या जेमिनी या एआयपुरता फरक पडतो, सर्चमधल्या त्या चौकटीवर काहीच नाही. ती चौकट गूगलबॉटच्या, म्हणजे सर्चसाठी पानं वाचणाऱ्या प्रोग्रॅमच्या, वाचनावर चालते. गूगलबॉट अडवला तर सर्चचा रस्ताच बंद. माझा सगळा राग या एका अडवणुकीवर आहे.

माणदेशी_बाग: तुम्हा वेबसाइटवाल्यांची पानं कधी शेतात उभं राहून उघडून बघा. नेट रांगत असतं, आधी नोटिफिकेशनची परवानगी, मग जाहिरात, मग 'शेतकरी बंधूंनो, द्राक्ष हे महत्त्वाचं पीक आहे' असे चार परिच्छेद. प्रमाण तळाला. दोष सर्चचा कसा? आणि पानातला मजकूर सर्चमध्ये दाखवू नका असं सांगणारी 'नोस्निपेट' सूचना आहे की, लावा.

कृष्णाकाठ_सांगली: नोस्निपेट लावला की साध्या निकालातलीही ओळ जाते, नुसतं शीर्षक उरतं. अशा निकालावर कोण क्लिक करणार?

तासगाव_शेड: प्रमाणाचंच निघालंय म्हणून सांगतो. वरची चौकट 'शंभर लिटर पाण्याला अडीच किलो पोटॅशियम कार्बोनेट, दीड लिटर डीपिंग ऑइल' एवढं देऊन मोकळी होते. आकडा बरोबर आहे. पण पावडर आधी पूर्ण विरघळवायची, मग ढवळत ढवळत तेल सोडायचं, हे कुठंय? उलट केलं तर तेल वर तरंगतं, काही घडांना जास्त लागतं, काहींना लागतच नाही, आणि वाळवणीच्या रॅकवर एकाच जाळीत दोन रंगांचा माल दिसतो. साखर 22 ब्रिक्सच्या (रसातली गोडी मोजायचं माप) खाली असताना घड काढले तर उतारा, म्हणजे द्राक्षातून निघणारा बेदाणा, मार खातो. चार किलो द्राक्षाला एक किलो बेदाणा हा हिशेब पिकलेल्या मालाचा आहे.

माणदेशी_बाग: डीपिंग मला शिकवू नका. बरेच जण आता बुडवत नाहीत, रॅकवर माल टाकून फवारतात. त्यात दोन ते चार मिनिटं बुडवायचं गणित कुठं लागतं?

तासगाव_शेड: लागत नाही, आणि तेच चौकट सांगत नाही! फवारणीत दोन्ही बाजूंनी घड भिजला पाहिजे, नंतर कमी मात्रेची दुसरी फवारणी असते. बुडवणीचं प्रमाण आणि फवारणीचे दिवस एकाच परिच्छेदात कालवले की वाचणारा दोन्हीकडून फसतो. बारा-पंधरा दिवसांनी माल खाली उतरवल्यावर नुकसान त्याचं, चौकटीचं नाही.

माणदेशी_बाग: बरं. डीपिंगसाठी मूळ पान उघडावं लागतं, एवढं मानतो. पॉपअपबद्दल एक शब्द मागे घेणार नाही.

अजिंक्यतारा: कायद्याचं बघा. वृत्तप्रकाशकांच्या तक्रारीवर भारतीय स्पर्धा आयोगानं जानेवारी 2022 मध्ये गूगलची चौकशी लावली. 2024 मध्ये एएनआय या वृत्तसंस्थेनं चॅटजीपीटीवाल्या ओपनएआयविरुद्ध दिल्ली उच्च न्यायालय गाठलं. ही मोठ्यांची भांडणं. सातारा-सांगलीच्या पिकांवर एकहाती वेबसाइट चालवणाऱ्याला वकील परवडत नाही, त्याला आज लावता येईल असं काहीतरी हवं.

कृष्णाकाठ_सांगली: मग हे करा. पूर्ण पानाला नोस्निपेट नको. प्रमाणाचा तक्ता आणि कृती पानाच्या कोडमधल्या एका 'डिव्ह'मध्ये (कप्प्यात) घालून त्यालाच 'डेटा-नोस्निपेट' लावा, म्हणजे तेवढाच भाग सर्चमध्ये दाखवला जाणार नाही. सुरुवातीचा परिच्छेद मोकळा ठेवा, म्हणजे निकालात ओळ दिसत राहील. ते पान रोबोट्स फाइलमध्ये अडवू नका. बॉट आतच आला नाही तर सूचना वाचणार कुठून?

माणदेशी_बाग: आणि चार परिच्छेदांचं नमन?

कृष्णाकाठ_सांगली: ते काढायलाच हवं. तक्ता पहिल्या स्क्रीनवर, पॉपअप बंद. त्या मुद्द्यावर तुमचं खरं आहे.

अजिंक्यतारा: एक भोक राहिलं. तेच प्रमाण स्कीमामध्ये (सर्चला वाचायला पानाच्या कोडमध्ये लपवून दिलेली माहिती, म्हणजेच स्ट्रक्चर्ड डेटा), प्रश्नोत्तरांच्या मार्कअपमध्ये भरलं असेल तर तेही काढा. डेटा-नोस्निपेटच्या आत असलं तरी स्ट्रक्चर्ड डेटा सर्चला वापरता येतो. बरेच प्लगइन तो आपोआप टाकतात, म्हणून पानाचा सोर्स (मूळ कोड) उघडून 'अडीच किलो' शोधा. तक्त्याबाहेर कुठंही सापडलं तर तिथूनच उचललं जाणार.